जुन्या पेटीपुरती सूट

बेसा भागातल्या त्या ऑफिसात एक नियम होता, आणि कुठल्याही लेखी नियमापेक्षा तो कडक होता. ज्याच्यामुळे बिल्ड मोडेल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. बिल्ड म्हणजे सगळ्यांनी लिहिलेला प्रोग्राम एकत्र करून यंत्रात टाकण्याजोगा बनवणं. नीट बनला की भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा ठिपका, नाही बनला की लाल. पोह्यांचं कुणाला जड नव्हतं. पण प्रशिक नावाचा एक महाभाग तिथे होता, तो तर्री ओरपता ओरपता चूक करणाऱ्याची अशी सालटी काढायचा की माणूस आठवडाभर मान वर करत नसे. अशाने शिस्त येते, असं मालक रजतला वाटायचं. मला विचाराल तर अशाने फक्त लाल ठिपका दिसू न देण्याची कला येते.

दीक्षाने ती कला मार्च महिन्यात वापरली.

कंपनी भोंग्याच्या पेट्या बनवायची. धरणातून नदीत पाणी सोडायच्या आधी सरकारी कार्यालयातून मेसेज सुटतो. गावातल्या खांबावरची पेटी तो घेते, भोंगा वाजवते आणि पाटीवर गावाचं नाव आणि सूचना दाखवते. पारशिवनीकडच्या नदीकाठच्या गावांत अशा पेट्या लागल्या होत्या. उन्हाळ्यात तिथले लोक नदीच्या रेतीत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लावतात, बाया धुणं घेऊन पात्रात उतरतात. भोंगा तिथे शोभेची वस्तू नव्हती.

पेटीचा प्रोग्राम सी भाषेत होता. या भाषेत स्ट्रकॉपी नावाचं एक जुनं फंक्शन आहे. मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागेत उतरवायचं काम ते करतं, पण त्या जागेत मावेल का, हे बघत नाही. डबा केवढा आहे ते न बघता वरण ओतत राहावं, तसं. ओट्यावर सांडलेलं वरण पुसता तरी येतं. मेमरीत सांडलेला मजकूर शेजारी जे काही ठेवलेलं असेल ते नासवतो, आणि यंत्र कधी बंद पडेल याचा नेम राहत नाही. म्हणून सरकारी तपासणीत अट आली की अशा फंक्शनांवर संपूर्ण बंदी हवी. बंदी म्हणजे नुसती ताकीद नाही. कुणी ते नाव लिहिलं की कंपायलरने, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामने, बिल्डच करू नये, अशी बंदी. हे काम दीक्षाकडे आलं.

काम सोपं वाटलं आणि तिथेच घोळ झाला. हा प्रोग्राम तीन ठिकाणी चालायचा: ऑफिसच्या सर्व्हरवर, नव्या पेटीत आणि जुन्या पेटीत. भाषेबरोबर तयार फंक्शनांची जी स्टँडर्ड लायब्ररी येते, ती तिन्हीकडे वेगवेगळी होती. पहिल्या दोन ठिकाणी बंदी मुकाट्याने लागू झाली. जुन्या पेटीची लायब्ररी मात्र स्वतःच्याच फायलींत स्ट्रकॉपीचं नाव घ्यायची. आधी बंदी आली आणि मागून लायब्ररी आली, की कंपायलर त्या लायब्ररीलाच चोर समजून पकडायचा. आपल्या कोडात काही असो नसो, ठिपका लाल. उपाय होता. लायब्ररीच्या सगळ्या फायली आधी येऊ द्यायच्या आणि मग बंदी लावायची. पण त्यासाठी जुन्या पेटीची एकूणएक फाइल उघडून क्रम लावावा लागणार होता.

"उद्या तपासणीवाले येऊन राहिले," रजत म्हणाला. "मले तिन्ही ठिपके हिरवे पाहिजे, बस."

"पोह्यात शेंगदाणे जास्त टाकजो वं," प्रशिकने तेवढ्यात टोमणा मारलाच.

दीक्षाने एक ओळ घातली: जुनी पेटी असेल तर बंदी लावू नये. शेजारी टीप लिहिली, तात्पुरतं. तिन्ही ठिपके हिरवे झाले. रजतने तपासणीच्या अहवालात लिहिलं की बंदी सर्वत्र लागू आहे. दीक्षा त्याच्या खुर्चीमागे उभी राहून ते वाचत होती. वाचून झाल्यावर ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

एप्रिलमध्ये सरकारी कार्यालयाने एक चांगलं काम केलं. इंग्रजीत जाणारे मेसेज मराठीत पाठवायला सुरुवात केली. त्यानंतर काही गावांतल्या जुन्या पेट्या अधूनमधून मुक्या होऊ लागल्या.

पेट्या बसवल्या होत्या नानाजींनी. पारशिवनीचे वायरमन, साठीला टेकलेले, कंपनीच्या पहिल्या पेटीपासूनचे. दीक्षा नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा गावं बघायला गेली तेव्हा तेच तिला मोटारसायकलवर घेऊन फिरले होते, आणि घरी नेऊन कौशल्याबाईंच्या हातचं जेवायला घातलं होतं. तेव्हापासून ते तिला इंजिनेर बाई म्हणायचे. पेटी मुकी झाली की नानाजी खांबावर चढायचे, वायरी आवळायचे, पेटी बंद करून चालू करायचे, आणि पेटी चालायची. पुढचा मेसेज आला की पुन्हा मुकी. आपला हात लागला की चालते आणि आपण उतरलो की बिघडते, यावरून नानाजींनी जो अर्थ काढायचा तो काढला. जोड ढिला राहतोय. आपल्याच हातून.

मग एका सकाळी भोरखेडी पुनर्वसन या गावात भोंगा वाजलाच नाही आणि पाणी आलं. बायांनी पाणी चढताना पाहिलं, आरडाओरडा झाला, सगळे बाहेर पळाले. जिजाबाई नावाची म्हातारी दगडांवर पडली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. बाकी कुणाला काही झालं नाही.

नानाजी ऑफिसात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"माहाच हात कामातून गेला आता, साहेब," ते रजतला म्हणाले. "दिसतं कमी, पाना धरला का थरथरते. मी तीन डाव आवळून आलतो तिथल्या वायरी."

"तुम्ही कायले जिवाले लावून घेता, नानाजी," रजत म्हणाला. माणूस वाईट नव्हता तो. "पण बुधवारपासून मी दुसरा वायरमन पाठवतो. ऋषी नावाचा पोरगा आहे, चांगला आहे. तुम्ही जरा आराम करा."

नानाजींनी मान हलवली. पिशवीतला पाना, टेस्टर, कटर काढून टेबलावर ठेवला आणि ऋषीला द्या म्हणाले. जाताना दीक्षाच्या टेबलापाशी थांबले. "येतो, इंजिनेर बाई," एवढंच म्हणाले. एवढ्या वर्षांचं काम आणि नाव असं पिशवीतून काढून ठेवून गेले, आणि दीक्षाला पहिल्यांदा टोचलं. वायर ढिली असती तर इंग्रजी मेसेजलाही पेटी मुकी व्हायला हवी होती. तेव्हा तर कधी झाली नव्हती.

सोमवारी तिने जुन्या पेटीच्या सगळ्या फायली उघडल्या. लायब्ररी आधी, बंदी मागून, असा प्रत्येकीचा क्रम लावला. मग मार्चमधली सूट काढून टाकली आणि बिल्ड लावला. ठिपका लाल झाला. या वेळी कंपायलरने लायब्ररीला धरलं नव्हतं. धरली होती कंपनीचीच एक ओळ, जुन्या पेटीपुरती लिहिलेली, कुणा सोडून गेलेल्या माणसाची. आलेल्या मेसेजमधलं गावाचं नाव बत्तीस घरांच्या जागेत स्ट्रकॉपीने उतरवणारी.

इंग्रजी अक्षराला मेमरीत एक घर पुरतं. देवनागरी अक्षराला तीन लागतात, वर मात्रेला आणखी तीन. लहान नावाची गावं मराठीतही मावत होती. भोरखेडी पुनर्वसन मावत नव्हतं. तिने टेबलावरच्या जुन्या पेटीला तो मेसेज पाठवला. पेटीचा दिवा लागला आणि पेटी मेली. बंद करून चालू केली, तर भली चालली. इथे ना खांब होता, ना नानाजींचा हात.

बंदी मार्चमध्ये खरोखर लावली असती तर ही ओळ मार्चमध्येच पकडली गेली असती. लाल ठिपका तिच्यासमोर आला होता आणि तिनेच त्याला हिरवा रंग फासला होता.

तेवढ्यात पडद्याकडे बघून प्रशिक ओरडला, "दीक्षा मॅडम, उद्या पोहे!" ती हसली. हो, त्या वेळी ती हसली, याचा तिला नंतर फार राग आला. ओळ दुरुस्त करायला तिला थोडाच वेळ लागला. पण पेट्यांमध्ये नवा प्रोग्राम जायचा तो बुधवारी. मध्येच पाठवायचा तर रजतची परवानगी घ्यावी लागे, आणि परवानगी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. तिने स्वतःची समजूत घातली की बुधवार काही लांब नाही, पेट्या चालू लागल्या की नानाजींवरचा आळ आपोआप जाईल. स्वतःला समजावताना माणूस किती हुशार होतो बघा.

मंगळवारी तिने पोहे आणले. प्रशिकने सालटी काढली. ती पोहे खात बसली.

बुधवारी नवा प्रोग्राम गेला. त्याच दिवशी ऋषीने गावोगाव फिरून वायरी बदलल्या. गुरुवारी पाणी सुटलं आणि भोरखेडीसकट सगळ्या पेट्या खणखणीत वाजल्या.

"पाहिलं?" रजत सगळ्यांसमोर म्हणाला. "हात बदलला अन् पेट्या बोलाले लागल्या. मले नानाजीबद्दल वाईट वाटते, पण दोष त्यायचाच होता, बाप्पा."

दीक्षाला वाटलं, जमीन दुभंगावी. तिने गुपचूप केलेल्या दुरुस्तीने नानाजी सुटले नव्हते. उलट त्यांच्यावर शिक्कामोर्तब झालं होतं. ती रजतच्या मागोमाग त्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"सर, दोष वायरीचा नव्हता. प्रोग्रामचा होता. मार्चमध्ये जुन्या पेटीले बंदीतून सूट दिली होती. मी दिली होती."

रजतने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "हे कोणाकोणाले माहीत आहे?"

"मले. आता तुम्हाले."

"ठीक झालं ना आता? मंग काहून उकरून राहिली? तपासणीचा अहवाल गेला आहे आपला. नानाजीले मी स्टोअरमध्ये बसवतो, पगार चालू ठेवतो."

"त्यायले वाटून राहिलं का त्यायच्या हातानं जिजाबाईचा हात मोडला, सर. स्टोअरमध्ये बसून ते जाणार आहे काय?"

"अहवाल खोटा ठरन," रजत म्हणाला.

"खोटाच आहे तो."

शेवटी तो म्हणाला, "तुले जे करायचं ते कर. कार्यालयाले मी कळवतो." त्याचा आवाज रागाचा होता, पण त्याने फोन उचलला, हे मी सांगितलं पाहिजे.

शुक्रवारी दीक्षा पारशिवनीला गेली. दार कौशल्याबाईंनी उघडलं. "ये वं बाई. पाह्य जरा तूच या माणसाले. घरातला बल्ब गेला तं शेजारच्याले बलावलं. पाना का पेचकस, कायलेच हात लावून नाही राहिले."

नानाजी बाजेवर बसले होते. दीक्षा त्यांच्यासमोर खालीच बसली आणि सांगितलं. डब्याचं आणि वरणाचं उदाहरण देऊन सांगितलं, आपण दिलेली सूट सांगितली. नानाजींना स्ट्रकॉपी कळलं नसेल, पण बाकीचं कळलं.

"म्हणजे वायर ढिली नव्हती?"

"नव्हती, नानाजी."

"एकबी नाही?"

"एकबी नाही."

त्यांनी दोन्ही हात समोर धरून उलटसुलट करून पाहिले. "ऐकलं काय वं?" ते आत बघून ओरडले. "माहा हात चांगला हाये!" आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. दीक्षाची मान खाली गेली. ते रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर तिला सोपं गेलं असतं.

मग हसू ओसरलं. "पण मंगळवारी मी भोरखेडीले जाऊन आलो नं, बाई. मंदिरापाशी सगळे जमलते. सांगतलं, का चूक माही होती. जिजाबाईच्या पाया पडलो. ती म्हणे, ऊठ गा, वय झालं तुहं, होते असं."

मंगळवारी. दीक्षा पोहे खात होती त्या दिवशी. मी सोमवारीच ओळखलं होतं, हे वाक्य तिच्या तोंडाशी आलं आणि तिने ते गिळलं. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला ते कसं सांगायचं, असं तिने मनाशी म्हटलं. खरं कारण, तिला भीती वाटली.

"मी जाते गावात," ती म्हणाली. "सगळ्यायसमोर सांगते."

"मानतील कायले? नवा पोरगा आला अन् पेटी वाजली, हे त्यायनं डोयानं पाह्यलं. म्हणतील, म्हाताऱ्यानं ऑफिसातली पोरगी आणली आपली बाजू मांडाले."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेल्याला डोळ्यांनीच उत्तर द्यावं लागणार होतं.

शनिवारी पाणी सुटणार नाही याची कार्यालयाकडून खात्री करून घेतली, दवंडीही दिली की आज पेटीची परीक्षा आहे, आणि दीक्षा नानाजींना घेऊन भोरखेडीत उभी राहिली. सगळं कळल्यावर ऑफिसातून मेसेज सोडायचं काम प्रशिकने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही. मंदिरापुढे बरीच माणसं जमली. जिजाबाई प्लास्टरातला हात गळ्यात बांधून पायरीवर बसली होती.

"पेटीतल्या वायरी ऋषीनं बदललेल्या आहेत," दीक्षा मोठ्याने म्हणाली. "त्यायले मी हात लावत नाही. फक्त आतला प्रोग्राम जुना टाकते. जवा भोंगा वाजला नव्हता, तवाचा."

लॅपटॉपवरून तिने जुना प्रोग्राम टाकला आणि प्रशिकला फोन केला. पेटीचा दिवा लागला. पाटी क्षणभर उजळली आणि काळी पडली. भोंगा मुका. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. "ऋषीच्या वायरीबी ढिल्या हायेत काय मंग?" कुणीतरी विचारलं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं.

मग दीक्षाने दुरुस्त केलेला प्रोग्राम टाकला. पुन्हा फोन. या वेळी भोंगा असा वाजला की पोरांनी कानांवर हात ठेवले आणि पिंपळावरचे कावळे उडाले. वायर एकही हललेली नव्हती.

"वायरमनची चूक नव्हती," ती म्हणाली. "चूक आमच्या ऑफिसची होती, अन् ऑफिसात माही."

"काय गा नानाजी," एकाने नानाजींच्या पाठीत थाप मारली, "फुकटचाच पाया पडला तू!" सगळे हसले, नानाजी सगळ्यांत जास्त. त्यांच्याभोवती माणसं गोळा झाली. एक जण आपल्या मोटारपंपाचं स्टार्टर बघायला कधी येता म्हणून विचारू लागला, आणि नानाजी त्याला उद्याच येतो म्हणाले. दीक्षाला आठवड्यात पहिल्यांदा हलकं वाटलं.

"बाई," पायरीवरून जिजाबाईने हाक मारली. दीक्षा जवळ गेली. "हे तुले कवा समजलं?"

आवाज साधा होता. नुसती चौकशी. बुधवारी म्हटलं असतं तर कुणी शोधायला जाणार नव्हतं.

"सोमवारी."

"अन् पेटी ठीक कवा केली?"

"बुधवारी."

जिजाबाईने थोडा विचार केला. "मंग मंगळवारी पेटी मुकीच होती. अन् तुले ठाऊक होतं."

"हो."

"मंगळवारी माही नात नदीत होती, बाई. माहा हात असा, म्हणून मीच धाडलं तिले, डांगराले पाणी द्याले. दिवसभर एकटीच होती."

आठवडाभर दीक्षाने नानाजींच्या नावाचा विचार केला होता, आपल्या अब्रूचा केला होता, अहवालाचाही केला होता. मंगळवारच्या नदीचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता. ज्यासाठी पेटी होती, नेमका तोच. "मावशी, मी..." ती म्हणाली. मागे नानाजींचं हसणं थांबलं होतं. त्यांनी ऐकलं होतं. ते तिच्याकडे बघत होते, आणि या वेळी त्यांनी तिला इंजिनेर बाई म्हणून हाक मारली नाही.

जिजाबाईने गर्दीकडे बघून नातीला नाव घेऊन बोलावलं. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी भोंग्याखालून पळत आली आणि आजीच्या चांगल्या हाताला लटकली.

"पाहून ठेव इले," जिजाबाई म्हणाली.

पोरगी दीक्षाकडे बघून हसली आणि तिने विचारलं, भोंगा अजून एक डाव वाजवतेस का.